एका टाकीत तीन जातींचे क्लाउनफिश: मरूनला आधी बाहेर काढा

प्रश्न: आमच्याकडं तीन बाय दीड बाय दीड फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात दीड वर्षापासून दोन ऑसेलारिस क्लाउनफिश आहेत. एक साधारण ७ सेंटीमीटरचा, दुसरा ५ चा. गेला महिनाभर दोघं मिळून एकच दगड तोंडानं पुसत असतात. मुलगा आठवीत आहे. त्याच्या हट्टासाठी तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून येताना एक मरून आणि एक क्लार्की, असे आणखी दोन जातींचे क्लाउनफिश आणले. दुकानातले दादा म्हणाले, सगळे निमोच, एका घरातले, सुखानं राहतील. पहिले आठ दिवस तसंच वाटलं. आता मरूननं डावीकडची कपार धरली आहे आणि कुणालाच तिकडं फिरकू देत नाही. आमच्या लहान ऑसेलारिसची शेपटी फाटली आहे. तो हीटरमागं वर तरंगत असतो, दोन दिवस खाल्लेलं नाही. ॲनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या सोंडांत राहतात तो समुद्री प्राणी) आणून टाकला तर भांडण मिटेल काय? की टाकीच मोठी करू?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: ताई, ॲनिमोनचं आणि मोठ्या टाकीचं पुढं सांगतो. त्याआधी मरून आजच बाहेर काढा, मुलाच्या रविवारच्या सुट्टीची वाट पाहू नका. शेपूट फाटलेला, दोन दिवस उपाशी आणि पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात दबून बसलेला क्लाउनफिश लढाई हरलेला असतो. समुद्रात असा मासा दूर निघून जातो. तीन फुटांच्या काचेत दूर म्हणून जागाच नाही, आणि उपाशी मासा असा फार दिवस तगत नाही.

मरून पकडायला नेहमीची कापडी जाळी वापरू नका. त्याच्या गालावर, डोळ्याच्या खाली, मागं वळलेला काटा असतो. तो जाळीत गुंततो आणि सोडवताना गाल फाटतो. दोन-तीन लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. रात्री दिवे बंद करून तास-दीड तास जाऊ द्या, मग मंद टॉर्च लावा. मरून त्याच कपारीत पडलेला असेल. डबा कपारीच्या तोंडाशी आडवा धरा आणि मागच्या बाजूनं प्लास्टिकच्या पट्टीनं त्याला हळू पुढं सरकवा. दिवसा पाठलाग करून पकडायला जाल तर तुमचे दोन्ही ऑसेलारिसही हबकतील. घाईत जाळी वापरली आणि काटा अडकलाच, तर मासा ओढू नका, पाण्यातच जाळीचा तेवढा भाग कात्रीनं कापा.

ठेवायचा कुठं? दोन बाय एक बाय एक फुटाची साधी टाकी असेल तर तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं. तेवढी पुरे. ती नसेल तर न वापरलेलं ५० लिटरचं प्लास्टिकचं पिंप चालेल. साबण लागलेलं भांडं मात्र नको. पिंप काठोकाठ भरू नका, ४० लिटर पुरेत. त्यातलं निम्मं पाणी मोठ्या टाकीतलं, निम्मं नवं खारं. एक स्पंज फिल्टर, ५० ते १०० वॅटचा हीटर, आणि लपायला दोन इंची पीव्हीसी पाइपचा एल्बो. स्पंजवर जिवाणू वाढलेले नसतील, म्हणून अमोनिया रोज तपासा. किटमध्ये ०.२५ पीपीएम दिसला की त्याच दिवशी एक चतुर्थांश पाणी बदला.

मोठ्या टाकीतून २० लिटर काढलंत की तिच्यातही तेवढं नवं पाणी जाईल, म्हणजे दोन्हीकडं मिळून ४० लिटर लागेल. लिटरला साधारण ३८ ग्रॅम प्रमाणे दीड किलो समुद्री मीठ आरओच्या पाण्यात विरघळवा, हवेचा पंप लावून काही तास फिरू द्या, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) १.०२५ घनता आल्याशिवाय टाकीत ओतू नका. नुसत्या वजनावर विसंबू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पिशवीतलं मीठ ओल धरतं. तराजूवर वजन पुरं भरतं, पण त्यात मीठ कमी आणि पाणी जास्त असतं.

वेगळी टाकी आज मिळणारच नसेल तर भाजी धुवायच्या जाळीदार प्लास्टिकच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून केबल टायनं बांधा आणि त्यात मरूनला कोंडून मोठ्या टाकीतच टांगा. वेव्हमेकरचा (पाणी फिरवत ठेवणाऱ्या पंपाचा) प्रवाह टोपलीतून जाईल अशी जागा बघा. कोंडायचा तो मारणारा. बरेच जण मार खाणाऱ्याला टोपलीत ठेवतात. मग मारणारा बाहेर मोकळा राहतो, सगळी टाकी आपली समजतो आणि टोपली उघडली की दुप्पट जोरानं तुटून पडतो. टोपलीचा उपाय तीन-चार दिवसांपुरताच आहे.

आता जखमी माशाचं. मरूनला बाहेर काढल्यावर जखमी ऑसेलारिसला आहे तिथंच राहू द्या. शेपटीचा फक्त पडदा फाटला असेल आणि मूळ शाबूत असेल, तर स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ती भरून येते. औषध लागत नाही. अँटिबायोटिकची पुडी टाकीत रिकामी करू नका, फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि अमोनियाचं नवं संकट उभं राहतं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला द्या. आधी वितळवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), ते तो घ्यायला लागला की मग दाणे. ड्रॉपरनं त्याच्या तोंडासमोर सोडा, म्हणजे त्याला झुंजीत उतरावं लागणार नाही.

दोन गोष्टींवर मात्र सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा. फाटलेल्या कडेला लाली किंवा पांढरा बुरा दिसला तर जखम चिघळते आहे, मासा वेगळा काढावा लागेल. आणि अंगावर जाड पांढरट शेंबूड, रंग उडालेला, कल्ले धापा टाकल्यासारखे हलताना दिसले, तर तो ब्रूकलिनेला आहे. क्लाउनफिशला हा परजीवी फार धरतो आणि दोन-चार दिवसांत मासा नेतो. त्यावर फॉर्मालिनची अंघोळ लागते: १० लिटर खाऱ्या पाण्याला ३७ टक्क्यांचं फॉर्मालिन २ मिली, ३० ते ४५ मिनिटं, हवेचा पंप जोरात चालू ठेवून. मासा आडवा पडू लागला तर लगेच साध्या खाऱ्या पाण्यात घ्या. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते फॉर्मालिन विषारी झालेलं असतं, वापरू नका. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि हे काम मुलाच्या हाती देऊ नका.

हे सगळं का झालं, ते समजून घेतलंत तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. क्लाउनफिशमध्ये मादी म्हणून कुणी जन्माला येत नाही. एका ॲनिमोनवर राहणाऱ्या गटात सगळ्यात मोठा, सगळ्यांवर हुकूम चालवणारा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर होतो, बाकीचे वाढ खुंटवून खाली मान घालून राहतात. मादी मेली की नराची मादी होते. मादीचा पुन्हा नर मात्र होत नाही. म्हणून दोन माद्या समोरासमोर आल्या तर तडजोडीला वाटच उरत नाही. एकीला जावं लागतं किंवा मरावं लागतं. तुमचा ७ सेंटीमीटरचा ऑसेलारिस ही मादी आहे आणि ५ चा तिचा नर आहे. तिच्या घरात मरून आला, तोही पुढं मादीच व्हायला निघालेला.

पहिले आठ दिवस जी शांतता होती ती नवख्याची होती. प्रवासातून आलेला क्लाउनफिश आधी जागा शोधतो, जागा धरतो, आणि एकदा धरली की मग राखायला लागतो. याला आठवडा-दोन आठवडे जातात. दुकानात हे दिसत नाही, कारण तिथं मासे चार दिवसांत विकले जातात आणि उघड्या काचेत कुणालाच जागा धरता येत नाही. दुकानातल्या दादांनी मुद्दाम फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांनी त्यांच्याकडं जे पाहिलं तेच सांगितलं असेल.

सगळा दोष मरूनचाही नाही. ऑसेलारिस समोरच्या माशाच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तो आपल्यातला की नाही हे ठरवतो आणि तीन पट्टेवाला दिसला की जास्त चवताळतो, असं ओकिनावातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं. मरूनलाही पट्टे तीनच. तेव्हा पहिली चोच तुमच्या मादीनंच मारली असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त अंगापिंडानं ती त्याला पुरी पडत नाही. मरूनची मादी १५ सेंटीमीटरच्या पुढं जाते, ऑसेलारिसची ८-९ वर थांबते. आज तुमच्या टाकीत मरून लहान असेल, पण वर्षभरात चित्र उलटणार होतं.

तुम्ही पत्रात दगड पुसण्याचं सहज लिहिलंत, आम्हाला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. ती अंडी घालायची तयारी आहे. या काळात जोडी जास्त तापट होते. आणि एवढ्यात छळ थांबला तर तुमच्या घरात अंडी दिसतील: सपाट दगडावर नारिंगी ठिपक्यांचा तुकडा, दोन-चार दिवसांनी त्यात चंदेरी डोळे, आणि पाणी २६-२७ अंशांना असेल तर साधारण आठवड्याभरानं रात्री अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर. नर अंड्यांना पंखानं वारा घालतो आणि मेलेली वेचून खातो. मुलाला दाखवण्यासारखं याहून काय असेल? त्या जोडीसाठी तरी बाकीचे काढा.

बाकीचे म्हणजे क्लार्कीसुद्धा. तो आज गरीब वाटतो, कारण मरून सगळ्यांना दाबून आहे. मरूनला काढलं की क्लार्की वर उठेल. त्याची मादी १२ ते १५ सेंटीमीटर होते, पोहायला जोरकस, आणि टाकीभर फिरणारी. मरूनसारखं आजच्या आज नको, पण महिन्याभरात त्याचीही सोय लावा. तोवर टाकीतले दगड थोडे हलवून ठेवा. जुन्या खुणा पुसल्या की सगळ्यांना पुन्हा जागा शोधावी लागते आणि चार-आठ दिवस उसंत मिळते. जोडी पुसत असलेला दगड तेवढा जागचा हलवू नका.

रोजची कुरबुर आणि खरी मारामारी यांत फरक करायला शिका, नाहीतर उगीच घाबराल. मादी नराच्या अंगावर धावते, नर एका कुशीवर होऊन थरथरतो आणि मग दोघं शेजारी पोहतात: हे ठीक आहे, थरथरणं म्हणजे 'तू मोठी' असं मान्य करणं. धोका तेव्हा, जेव्हा थरथरल्यावरही मारणारा थांबत नाही, तोंडाला तोंड अडकवून दोघं गोल फिरतात, पंख फाटतात, किंवा एक जण खायलाही खाली येत नाही.

आता ॲनिमोनचं. नको. ॲनिमोन म्हणजे भांडणाचं मूळच विकत आणणं. क्लाउनफिश ज्याच्यासाठी लढतात ती हीच वस्तू. बाजारात बहुतेक वेळा बबल-टिप जातीचा ॲनिमोन मिळतो, आणि समुद्रात मरून नेमका फक्त त्याच्यातच राहतो. ऑसेलारिसचा खरा ओढा मॅग्निफिका आणि मोठ्या कार्पेट ॲनिमोनकडं. क्लार्की तर क्लाउनफिश ज्या दहा जातींच्या ॲनिमोनमध्ये राहतात त्या दहाही जातींत राहतो. म्हणजे बबल-टिप आणलात की तो मरूनच्या आणि क्लार्कीच्या घशात जाईल आणि ज्यांच्यासाठी आणला ते बाहेर राहतील. शिवाय त्याला प्रखर प्रकाश आणि सहा-आठ महिने मुरलेली टाकी लागते. तो रात्री सरकत जाऊन वेव्हमेकरच्या तोंडात अडकला तर सकाळी सगळं पाणी नासलेलं असतं. ऑसेलारिसची जोडी ॲनिमोनवाचून उत्तम जगते, अंडीही घालते.

'पण समुद्रात तर वेगवेगळ्या जाती एकत्र राहतात' असं मुलगा म्हणेल, आणि त्याचं खरं आहे. ओकिनावाच्या प्रवाळ खडकांत क्लार्की आणि गुलाबी स्कंक या क्लाउनफिशच्या दोन जाती एकाच ॲनिमोनमध्ये सापडतात. तिथं ॲनिमोन कमी, उमेदवार जास्त. अंगानं लहान, स्वभावानं मवाळ स्कंक कडेकडेनं राहून घेतो, आणि फारच झालं तर शेजारी जातो. काचेत हा शेजार नसतो.

तरीही दोन जाती हव्याच असतील तर त्याचा हिशेब सरळ सांगतो. तुमची आजची टाकी सुमारे १९० लिटरची, दगड-वाळू वजा जाता १६०. ही एका जोडीची टाकी आहे. चार फुटांची, २५५ लिटरची, घेतलीत तरी उत्तर बदलत नाही, फक्त मार खाणारा दोन महिने जास्त टिकतो. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या, ६८० लिटरच्या टाकीत ऑसेलारिस आणि गुलाबी स्कंक अशा दोन मवाळ जाती जमण्याची आशा असते. दोन टोकांना दोन वेगळे दगडांचे ढीग, मध्ये किमान तीन-चार फूट अंतर आणि एकमेकांना दिसू नये असा आडोसा. दोन्ही जाती अडीच-तीन सेंटीमीटरची पिल्लं असताना, एकाच दिवशी सोडायची. मरून, टोमॅटो, सिनॅमन आणि क्लार्की या क्लाउनफिशच्या जाती या हिशेबात धरायच्याच नाहीत. ऑसेलारिस आणि परक्यूला यांची जोडगोळीही दोन जाती म्हणून आणू नका. ते इतके जवळचे आहेत की एकमेकांना एकाच गटातले समजतात, आणि चौघांतली दोनच शेवटी राहतात. एवढं करूनही दीड-दोन वर्षांनी माद्या पूर्ण वाढल्या की घडी विस्कटू शकते. तेव्हा दुसऱ्या टाकीची तयारी आधीपासून हवी.

आणि वजन पाहा. ६८० लिटर पाणी, काच, दगड, स्टँड मिळून टनाच्या आसपास जातं. शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरांत लाकडी तुळयांवरच्या माडीवर ही टाकी ठेवायची नाहीच. तळमजल्यावर, पक्क्या फरशीवरच. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर ६० लिटर आणि सव्वादोन किलो मीठ, दर आठवड्याला. तुमच्या आजच्या टाकीला १६ लिटर आणि ६०० ग्रॅम पुरतात. आमचं मत विचाराल तर त्याच पैशांत दोन फुटांची दुसरी टाकी करा आणि हाच मरून तीत एकटा ठेवा. वाढला की त्याला तीन फुटांची लागेल, पण एकटा मरून माणसं ओळखणारा, हातून खाणारा, फार देखणा मासा आहे.

वीज जाण्याचा विचारही यात येतो. पावसाळ्यात फांद्या तारांवर पडून खानापूरच्या बाजूला आणि गावातही तासन्‌तास वीज नसते. प्रवाह थांबला की प्राणवायू उतरतो, आणि ज्याला कोपऱ्यात कोंडलेलं असतं तो आधी मरतो. इन्व्हर्टरवर फक्त १०-१५ वॅटचा वेव्हमेकर घ्या, हीटर घेऊ नका. १५० एएचची बॅटरी त्यावर दिवसभर सहज पुरते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वीज गेली तर टाकीला चादर गुंडाळा, १६० लिटर पाणी एका रात्रीत फारसं उतरत नाही.

नवे मासे थेट टाकीत सोडलेत का, ते पत्रात नाही. सोडले असतील तर पुढचे तीस दिवस सगळ्यांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात का ते पाहा. आले तर उपचार वेगळ्या टाकीत. तांब्याचं औषध मोठ्या टाकीत कधीच घालायचं नाही, ते दगडांत मुरतं. मोठी टाकी ७६ दिवस माशांवाचून चालवायची. इथून पुढं आलेला प्रत्येक मासा आधी महिनाभर वेगळा. दुकानांत खारटपणा बहुधा कमी, १.०१८ ते १.०२० असतो. वेगळ्या टाकीचं पाणी आधीच पिशवीतल्या पाण्याइतकं करून ठेवा आणि मग रोज ०.००२ नं वाढवा. लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत थेंब थेंब पाणी टाकत बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया त्याच क्षणी विखारी होतो. तापमान जुळलं की मासा काढून सोडा, पिशवीतलं पाणी ओतून द्या.

मुलाला रंगच हवे असतील तर क्लाउनफिशच्या बाहेर बघा. तुमच्या टाकीत या जोडीसोबत एक रॉयल ग्रामा मासा, एक वॉचमन गोबी मासा आणि त्याच्यासोबत एकाच बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी, एक क्लीनर कोळंबी: एवढं बेतानं, एका वेळी एक, मध्ये तीन आठवडे सोडून. डॅमसेल आणू नका, ती क्लाउनफिशचीच भावकी आणि तितकीच भांडखोर. गोव्याला किंवा कारवारला गेलात तर किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगडही उचलू नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही अंगाशी येतो. सिरॅमिकचे दगड घ्या.

मरून परत पाठवायचं ठरवलंत तर आधी दुकानाशी बोलून दिवस पक्का करा. निघण्याआधी २४ तास त्याला खायला देऊ नका. जाड पिशव्या दोन, एकात एक, आणि दोहोंच्या मध्ये वर्तमानपत्राचा थर, म्हणजे काट्यानं आतली फाटली तरी पाणी बाहेर जाणार नाही. एक भाग पाणी, दोन भाग हवा, शक्य असेल तर ऑक्सिजन. थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि रात्रीच्या बसनं न्या. डबा डिकीत टाकू नका, पायाशी ठेवा.